यायचं नव्या वेळेनं, जायचं जुन्या वेळेनं

पुढारी होण्याची माझी तिळमात्र इच्छा नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. मला फक्त संध्याकाळी वेळेवर घरी जायचं होतं. एवढ्याशा गोष्टीपायी धुळ्यातल्या एका जिन-प्रेसमध्ये चळवळ झाली, हवालदार माझ्या दारात आला, इन्स्पेक्टरसाहेबांच्या मोटारीचं टायर पारोळ्याला फुटलं आणि मला भर कारखान्यात, सगळ्या बायकांसमोर, अंगाई म्हणावी लागली. टायरचा दोष मी स्वतःकडे घेत नाही. बाकीचं सगळं मात्र माझ्याच तोंडामुळे झालं.

लढाईचे दिवस होते. सरकारनं हुकूम काढून देशातली सगळी घड्याळं तासभर पुढे केली. कशासाठी, ते सरकारलाच ठाऊक. आमचे शेजारी सुकदेवआबा मामलेदार कचेरीतून पेन्शनीत निघालेले. त्यामुळे सरकारच्या मनातलं त्यांना कळतं, असा देवपुरातल्या आमच्या आळीचा समज. त्यांनी सांगितलं की जपानी विमानं ठरल्या वेळेला आली तर आपण तासभर आधीच घरी गेलेलो असावं, म्हणून ही योजना आहे. मला ते पटलं. त्या दिवसांत मला पुष्कळ गोष्टी पटत.

तेव्हापासून धुळ्यात दोन वेळा झाल्या. कचेरी, स्टेशन आणि शाळा नव्या वेळेवर. बाजार, देवळं आणि म्हशी जुन्या वेळेवर. कोणी ‘पाचला या’ म्हटलं की ‘नव्या का जुन्या?’ हे विचारून घ्यायचं. आमच्या आळीत एका मुलीला पाहायला पाहुणे आले ते नव्या वेळेनं, तेव्हा मुलगी जुन्या वेळेनं अंगण सारवत होती. लग्न जमलं, ही गोष्ट वेगळी.

मी मोतीलालशेठच्या जिन-प्रेसमध्ये काटाकारकून होतो. म्हणजे शेतकऱ्यांच्या गाड्या कापूस घेऊन आल्या की मापाडी वजन करणार आणि मी ते लिहिणार. आत जिनांवर बाया बसत, कापसातून सरकी वेगळी करत. इंजिनावर सत्तारमियाँ, आणि भोंगाही त्यांच्याच हातात. हंगाम सुरू झाला त्या दिवशी शेठनं आम्हां सगळ्यांना आवारात उभं केलं.

“कामावर यायचं नव्या वेळेनं,” शेठ म्हणाले. “सरकारचा हुकूम आहे. आपण कायद्याला धरून चालणारी माणसं.”

“और जायचं?” सत्तारमियाँनी विचारलं.

“जायचं जुन्या वेळेनं. शेतकरी काय घड्याळ बघून गाडी जुंपतो? तो बिचारा सूर्य बघून येतो. त्याला फाटकावरून परत पाठवू का?”

बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. सकाळचं ऐकलं तर राजनिष्ठा, संध्याकाळचं ऐकलं तर शेतकऱ्यांचा कळवळा. दोन्ही गोष्टी एका वाक्यात जोडल्या की मधला एक तास कुठं जातो, हे बोटं मोजूनसुद्धा कोणाच्या लक्षात येईना. लक्षात आलं ते आठवड्याभरानं, अंधारात कामावर यायचं आणि अंधारात घरी जायचं असं व्हायला लागलं तेव्हा.

आता माझी अडचण. तेव्हा ती मी कोणाला सांगितली नव्हती, तुम्हांला सांगतो. आमची मंडळी, म्हणजे मंजुळा, फायनलच्या परीक्षेला बसणार होती. पास झाली की मास्तरीण होता येतं. लग्नाआधी तिची शाळा अर्ध्यावर सुटली होती आणि ते तिच्या मनात सलत होतं. मुलींच्या शाळेत एक मास्तरीणबाई संध्याकाळी सहाला अशा बायकांचा वर्ग घेत. मंजुळेनं मला विचारलं तेव्हा मी मोठ्या मनानं ‘हो’ म्हटलं. त्या मोठ्या मनात आमची छबी कोण सांभाळणार हा विचार शिरला नव्हता. छबी वर्षाची. माझी आई सोनगीरला. सून शाळेत जाणार हे कळल्यापासून तिचे गुडघे इतके दुखायला लागले की तिला धुळ्याला येणं अशक्य झालं. शेजारपाजारच्यांनी घेतलं तर छबी अशी किंचाळे की पांझरा नदीच्या पलीकडे ऐकू जावं. ती गप्प राही ती फक्त माझ्याकडे.

त्याचंही एक गुपित होतं. मला अंगाई येत नाही. पहिल्या दिवशी ती रडायला लागली तेव्हा घाबरून माझ्या तोंडून दिवसभर कानांत बसलेलं तेच आलं, मापाड्याची मोजणी. मापाडी पहिलं माप मोजताना ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो, शुभ असतं. “लाऽऽभ... दोनऽऽ... तीनऽऽ...” असं मी तिला खांद्यावर घेऊन हेल काढत म्हटलं आणि पोरगी टकमक बघायला लागली. पुढं पुढं तर विसापर्यंत जायच्या आत झोपे. मी दार लावून हे करत असे. बायको शाळेत आणि नवरा पोर खेळवतोय, हे आळीत कळलं असतं तर मला पानाच्या दुकानावर उभं राहता आलं नसतं. भिंतीपलीकडून सुकदेवआबांना मोजणी ऐकू जाई. चुडामण घरीसुद्धा शेठचं काम करतो, असं ते कौतुकानं सगळ्यांना सांगत.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग शाळेचं घड्याळ पुढं गेलं आणि माझं सुटणं मागंच राहिलं. भोंगा व्हायचा तेव्हा शाळेच्या घड्याळात वर्ग निम्मा झालेला असे, आणि मी नदी ओलांडून घरी पोचेपर्यंत मास्तरीणबाई कुलूप लावत. मंजुळा छबीला काखेला मारून, वही हातात घेऊन उंबऱ्यात उभी. ती काही बोलत नसे. बोलली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

शेवटी मी ठरवलं की शेठना एक शब्द टाकावा. वाक्य पाठ केलं: ‘शेठजी, घरच्या कामासाठी मला थोडं लवकर सोडा.’ सुटसुटीत वाक्य. गादीसमोर उभा राहून मी ते म्हटलंही.

“घरचं काम?” शेठ लोडाला टेकत म्हणाले. “कसलं काम? कोण आजारी आहे?”

“नाही.”

“पाहुणे आलेत?”

“नाही.”

“मग संध्याकाळी घरी पुरुषाचं काम काय असतं?”

गादीशेजारी बसलेले शेठचे दिवाणजी हसले. दारात सरकीची पोती उचलणारे हमाल थांबले होते, त्यांच्यामागं सत्तारमियाँ तेलाची झारी घेऊन उभे होते. माझे कान तापले. ‘पोर सांभाळायची असते’ हे शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथंच बसले. त्यांच्या जागी जे बाहेर पडलं ते मी कुठल्याशा वर्तमानपत्रात वाचलं असावं.

“प्रश्न माझा नाही, शेठजी,” मी म्हणालो. “प्रश्न तत्त्वाचा आहे. एकाच दिवसाला दोन घड्याळं लावून नोकराचा तास घेणं हा अन्याय आहे. नोकर झाला म्हणून काय त्याला हक्क नाहीत?”

शेठचं तोंड उघडं राहिलं. माझंही राहिलं असतं, पण मी ते मिटून बाहेर आलो.

“वा चुडामणभाऊ!” सत्तारमियाँनी माझा हात धरला. “क्या बोले! एक तास कोणाच्या बापाचा!” आणि झारीतलं तेल माझ्या धोतरावर सांडलं. दुपारपर्यंत ही बातमी जिनांपर्यंत पोचली. संध्याकाळी बेबाबाई, जिनांवरच्या बायांतली सगळ्यांत बोलकी, फाटकाशी मला अडवून तिच्या अहिराणीत म्हणाली, “भाऊ, तुम्ही बोलनात ते बठ्ठं खरं शे. आते मागं नका सरू.”

मागं सरायचा प्रश्नच नव्हता. मी पुढं कुठं होतो, हेच मला कळत नव्हतं.

रविवारी सकाळी मी अंगणात दात घासत होतो तर जिनवरच्या दहा-पंधरा बाया, सत्तारमियाँ आणि दोन हमाल दारात येऊन उभे. पुढं काय करायचं ते विचारायला आले होते. ते वर्ष कसलं होतं, हे वाचकांना सांगायला नको. ऑगस्टपासून चार माणसं एका ठिकाणी उभी राहिली की पाचवा पोलीस असे. आमच्याकडेही आला. हवालदार काठी आपटत अंगणात शिरला आणि म्हणाला, “कसली सभा चाललीय?”

माझ्या तोंडात राखुंडी होती, त्यामुळे मी उत्तर दिलं नाही. नसती तरी दिलं नसतं.

“पोरगी देखाले उनूत, साहेब,” बेबाबाई म्हणाली. “दुसरं काहीच नई.”

हवालदाराला संशय आला. “इतक्या सगळ्या? मग दाखवा पोरगी.” मंजुळेनं छबीला बाहेर आणलं. मग काय, बोलणं निभावणं भाग होतं. एकेकीनं तिला घेतलं, कडाकडा बोटं मोडली, आणि छबीनं एकेकीच्या कानाशी किंकाळी फोडली. सत्तारमियाँनी घेतलं तेव्हा तिनं त्यांची दाढी धरली. हवालदार हे सगळं शेवटपर्यंत बघत उभा राहिला आणि जाताना मंजुळेला म्हणाला, “दृष्ट काढा, बाई. लई जणांनी पाहिलंय.” आमची चळवळ त्या दिवशी एवढीच झाली.

तो गेल्यावर सुकदेवआबा कुंपणावरून वाकले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते आळीतलं सगळंच ऐकत. “अरे चुडामण,” ते म्हणाले, “कायदा आहे ना! कारखान्याच्या कामाच्या वेळा फाटकावर पाटीवर लिहाव्या लागतात. त्या बदलायच्या तर इन्स्पेक्टरला आधी कळवावं लागतं. मालकाला वाटलं म्हणून सकाळी एक नि संध्याकाळी एक, असं चालत नाही. इन्स्पेक्टर जळगावला असतो हल्ली. अर्ज कर. पण पोस्टानं नको हो, पोस्टात अर्जाला पाय फुटतात. इथल्या कचेरीत दे, ती पुढं पाठवेल, आणि शिक्का मारून घे.”

“आबा, अर्ज निनावी केला तर?”

“निनावी अर्जावर शिक्का कोणाच्या नावानं मारणार?” आबांनी विचारलं. तत्त्वाच्या माणसाला असले प्रश्न सुचू नयेत, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

अर्ज मंजुळेनं लिहिला. तिच्या अभ्यासात अर्जलेखन होतंच. वर्ग चुकतोय तर एवढा तरी सराव व्हावा, असं ती म्हणाली. शुद्ध, वळणदार अक्षर. तिनं तो मास्तरीणबाईंना घरी जाऊन दाखवला. बाईंनी लाल शाईनं दोन वेलांट्या सुधारल्या आणि खाली लिहिलं, दहापैकी सात. मला ते लागलं. अर्ज माझ्या नावाचा होता. तीन गुण कशाचे कापले म्हणून मी विचारलं तर म्हणे, मायना लांबला. मंजुळेनं स्वच्छ प्रत केली, मी तिच्यावर सही ठोकली, लाल शाईच्या प्रतीवरही सराव म्हणून ठोकून पाहिली.

आता तो कचेरीत द्यायचा. माझी जेवणाची सुट्टी जुन्या वेळेनं. मी धावत कचेरीत पोचलो तर कचेरीची जेवणाची सुट्टी नव्या वेळेनं नुकतीच सुरू झालेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी कारकुनानं माझ्यासमोर डबा सोडला आणि भाजी कसली आहे ते सांगितलं, पण अर्ज घेतला नाही. संध्याकाळी सुटून जावं तर कचेरीला कुलूप. ज्या अन्यायाविरुद्ध अर्ज करायचा, त्याच अन्यायामुळे तो देता येत नव्हता. आणि हे सांगायला दुसरा अर्ज करावा तर तोही द्यायचा तिथंच होता.

शेवटी मंजुळाच गेली. छबीला बरोबर नेणं भाग होतं. कारकून म्हणाला, उद्या या. तेवढ्यात त्यानं छबीच्या गालाला बोट लावलं. पुढचं सांगायला नको. कचेरीतली सगळी खाती लेखण्या टाकून उठली आणि कारकुनानं अर्ज जवळजवळ हिसकावून घेतला, शिक्का मारला आणि “बाई, आता जा” म्हणून हात जोडले. घरी आल्यावर मंजुळेच्या लक्षात आलं की स्वच्छ प्रत छबीनं वाटेत चघळून अर्धी केली होती. कचेरीत गेली होती ती लाल शाईची, दहापैकी सात गुणांची.

मग नुसती वाट पाहणं. बाया मला आदरानं वाट देऊ लागल्या, शेठ माझ्याशी बोलेनासे झाले, दिवाणजी दुसरा काटाकारकून बघून ठेवलाय असं दर दोन दिवसांनी कोणाला तरी माझ्या ऐकण्यात सांगत. नोकरी जाणार हे मला दिसत होतं. घरात त्याहून वाईट. मास्तरीणबाईंनी चाचणी परीक्षा ठेवली होती आणि स्पष्ट सांगितलं होतं, जी चाचणीला येणार नाही तिचं नाव फायनलला पाठवणार नाही. “त्या दिवशी तरी याल ना?” मंजुळेनं विचारलं. मी म्हटलं, हो. कसं, ते मला ठाऊक नव्हतं.

चाचणीच्या दिवशी सकाळीच निरोप आला की इन्स्पेक्टरसाहेब आज येताहेत. शेठनं फाटक धुऊन घेतलं, आवारात पाणी मारलं, फाटकावर नवी कोरी पाटी लावली. तिच्यावर वेळा लिहिलेल्या होत्या, पण कोणत्या घड्याळाच्या ते नव्हतं. दुपार झाली, साहेब येईनात. पारोळ्याला टायर फुटलं होतं. मला बरं वाटलं. ते उद्या येतील, आज काहीतरी करून सटकता येईल. उन्हं कलली आणि फाटकाशी मोटारीचा आवाज आला. साहेब उतरले, आत शिरले, आणि त्यांच्या मागोमाग, त्याच फाटकातून, मंजुळा आली.

ती नीट नेसून, वेणी घालून आली होती. काखेला छबी. तिनं इकडं तिकडं पाहिलं नाही, थेट काट्यापाशी आली. “आज माझी परीक्षा आहे. मी चालले,” ती म्हणाली आणि छबीला माझ्या हातात देऊन वळली. शेठ साहेबांच्या गळ्यात हार घालण्यात गुंतले होते, म्हणून पाहिलं फक्त बेबाबाईनं. मी काट्यामागं कापसाच्या ढिगावर माझा कोट अंथरला, छबीला त्यावर निजवलं, कानाशी पुटपुटत “लाभ, दोन, तीन” केलं आणि ती झोपली म्हणून पुढं येऊन उभा राहिलो.

साहेब पारशी टोपीतले, पोक्त, दमलेले गृहस्थ होते. त्यांनी खिशातून माझा अर्ज काढला. “हा कोणी केला? नोकरीत मी पुष्कळ अर्ज पाहिले,” ते म्हणाले, “पण गुण देऊन आलेला हा पहिला. चुडामण कोण?”

मी पुढं झालो. जिनं थांबली होती. बाया दारात दाटल्या होत्या, सत्तारमियाँ इंजिनघराच्या पायरीवर. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. असा क्षण माझ्या आयुष्यात आधी आला नव्हता. लग्नातसुद्धा सगळे मुलीकडे बघत होते. मी घसा साफ केला.

“साहेब, प्रश्न माझा नाही. प्रश्न तत्त्वाचा...”

काट्यामागून किंकाळी उठली.

“हे काय?” साहेब दचकले. मग त्यांची नजर बायांवर गेली आणि ते शेठकडे वळले. “इतक्या बाया कामाला आहेत. त्यांच्या मुलांसाठी जागा केली आहे का तुम्ही?”

मोतीलालशेठ धंद्यात वर का आले, हे मला त्या दिवशी कळलं. डोळ्याची पापणी लवायच्या आत ते म्हणाले, “केली आहे ना, साहेब! ही काय इथंच. मऊ कापसात ठेवतो. आणि मुलांकडे बघायला हा आमचा चुडामण. मुद्दाम नेमलाय.”

छबीचा सूर वर चढत होता. काट्यामागं गेलो, तिला उचललं. मनातल्या मनात मोजून भागणार नव्हतं, हे पहिल्या हुंदक्यालाच कळलं. मी डोळे मिटले आणि भर कारखान्यात हेल काढला. “लाऽऽभ... दोनऽऽ... तीनऽऽ...” दारातल्या बायांत खसखस पिकली. आमचा मापाडी, ज्याचा हेल मी उचलला होता, तो मान डोलवू लागला. नवापर्यंत छबी गप्प झाली.

“उत्तम माणूस नेमलाय,” साहेब शेठना म्हणाले. “आता वेळेचं बोलू. नव्या वेळेनं आणायचं आणि जुन्या वेळेनं सोडायचं, हे चालणार नाही. एकच घड्याळ. नवं घ्या नाही तर जुनं घ्या, आणि तसं पाटीवर लिहा.”

शेठनं क्षणभर विचार केला. “मग जुनं, साहेब. संध्याकाळपर्यंत गाड्या येतात. सकाळी तासभर उशिरा येऊ दे सगळ्यांना.”

“ठीक,” साहेब म्हणाले.

आवारात एकच गलका झाला. तास परत मिळाला होता! सत्तारमियाँनी वेळ नसताना भोंगा वाजवला. हमालांनी ‘चुडामणभाऊ की जय’ म्हटलं. आणि त्या जयजयकारात, पोर खांद्यावर घेऊन, मी हिशेब केला. सगळ्यांचा तास सकाळी परत आला होता. संध्याकाळची सुटण्याची वेळ होती तिथंच होती. शाळेचा वर्ग होता तिथंच होता. चळवळ जिंकली होती आणि मंजुळेची फायनल गेली होती.

तत्त्वाच्या बाजूनं बोलायला आता काही शिल्लक नव्हतं. तत्त्वाचं समाधान झालं होतं. साहेब टोपी सारखी करून निघाले. आज ती परीक्षेला बसली आहे, उद्यापासून पुन्हा उंबऱ्यात वही घेऊन उभी राहणार, आणि काही बोलणार नाही. मला ते दिसलं.

“साहेब, थांबा,” मी म्हणालो. आवाज इतका मोठा निघाला की छबीनं मान वर केली. “माझी तक्रार ती नव्हती. ही माझी मुलगी आहे. मला कोणी नेमलेलं नाही. आमच्या मंडळींचा संध्याकाळी वर्ग असतो, नव्या वेळेनं सहाला. त्या फायनलला बसायच्या आहेत. तेवढा वेळ पोर मी सांभाळतो. रोज सांभाळतो. मला संध्याकाळी लवकर घरी जायचंय, साहेब. एवढंच होतं.”

दिवाणजींनी तोंडावर उपरणं धरलं. मी जमिनीकडे बघत होतो. पानाचं दुकान, आळी, सगळं डोळ्यांपुढून गेलं.

“अरे भाऊ,” बेबाबाईचा आवाज आला, “हाई आमले पयलेच काबर नई सांगं?” ती पुढं आली आणि साहेबांपुढं उभी राहिली. “साहेब, आमले बी नवी येळ पाह्यजे. सकायले पोरे झोपेल ऱ्हातस, आमी घर ऱ्हायनूत काय नी गयूत काय. संध्याकायले त्या वाट देखतस. आमी घर पोचतस तवपावत रडी रडी झोपी जातस.”

बायांत कोणी हसत नव्हतं. साहेबांनी शेठकडे पाहिलं. शेठनं मनाशी मांडणी केली. तास तेवढेच भरत होते. “नवं तर नवं,” ते म्हणाले. “गाड्यावाल्यांना मी सांगतो.”

“आणि शेठ,” साहेब फाटकाशी थांबून म्हणाले, “ही मुलगी यांची, हे नेमलेले नाहीत, तर मुलांची जागा कुठली मग? मी अजून दोन दिवस धुळ्यात आहे. उद्या बघायला येतो.”

शेठनं माझ्याकडे जे पाहिलं ते मी जन्मात विसरणार नाही. पण बेबाबाई मागून म्हणालीच, “येवा साहेब, उद्या आमना बठ्ठा पोरे लई येसूत.”

आणि आणली. दुसऱ्या दिवशी काट्यामागं गोधड्या पसरल्या गेल्या आणि त्यांवर रांगती, बसती, लोळती अशी पोरं. शेठ एकदा बोललेलं फिरवणारे नव्हते, विशेषतः त्यात नवा पगार द्यावा लागत नसेल तर. मुलांकडे बघायला नेमलेला माणूस मी, तो मीच राहिलो; गाडी आली की वजन लिहायचं, नसली की पोरं. पानाच्या दुकानावर मला पहिले काही दिवस ‘दाईभाऊ’ म्हणत. सुकदेवआबांना भिंतीपलीकडच्या मोजणीचा खरा अर्थ कळला तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. फसवणूक झाली असं त्यांना वाटलं. तिसऱ्या दिवशी ते नातवाला घेऊन आले. तो रात्रभर झोपू देत नव्हता.

पण नव्या वेळेनं भोंगा व्हायचा, बाया आपापलं पोर उचलून उजेडात घरी निघायच्या, आणि मी पांझरा ओलांडून पोचायचो तेव्हा मंजुळा उंबऱ्यात वही घेऊन उभी असायची. छबीला माझ्या हातात देऊन ती माझ्या शेजारून निघून जायची, जवळजवळ धावत.

ती पास झाली. आता मुलींच्या शाळेत मास्तरीण आहे. लढाई संपली, सरकारनं घड्याळं पुन्हा मागं घेतली, आणि सुकदेवआबा म्हणाले की जपानी हरले ते यामुळेच.

मध्यंतरी मंजुळेच्या शाळेनं तिची वेळ बदलली. सकाळची शाळा दुपारनंतर केली. मला कळलं तशी मी कोट अंगात चढवला. असल्या कामात धुळ्यात माझ्याइतका अनुभव कोणाला होता? आबांना हाक मारून कलम विचारावं, जळगावला कोण आहे याची चौकशी करावी, असं मी भराभर बोलत होतो. मंजुळा चुलीपाशी भाकरी थापत होती.

“मी बोलले मोठ्या बाईंशी,” ती म्हणाली. “म्हटलं, मुलगी लहान आहे, संध्याकाळी तिच्यापाशी घरी असायला हवं. ही वेळ मला जमणार नाही.”

“मग?”

“मग त्या म्हणाल्या, बरं.”

“एवढंच?”

“एवढंच.”

मी कोट काढून खुंटीला अडकवला. छबी टोपल्यापाशी बसून भाकरी मोजत होती, बोट लावून, हेल काढून. “लाऽऽभ... दोनऽऽ... तीनऽऽ...”

“एक म्हणायचं, छबे,” मंजुळा म्हणाली. मास्तरीण होती ना. “शाळेत असं म्हटलंस तर हसतील. एक, दोन, तीन.”

“पण बाबा लाभ म्हणतात,” छबी म्हणाली.

मंजुळेनं तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडे पाहिलं.

“मग लाभच म्हण,” ती म्हणाली.